कोठ्याकडे तोंड, रस्त्याकडे पाय

शेपूट हलवतो म्हणजे कुत्रा खुश आहे, असं ज्याने कोणी पहिल्यांदा सांगितलं त्याला मला माझी डावी पोटरी दाखवायची आहे.

मी जवाहरनगरच्या क्वार्टर्समध्ये वाढले. वडील कारखान्यात होते. आमच्या लाइनीत शेवटच्या क्वार्टरवाल्यांनी एक तगडा काळा कुत्रा पाळला होता. एकदा शाळेची बस चुकेल म्हणून मी त्यांच्या फाटकासमोरून पळत निघाले. फाटक उघडं होतं. कुत्रा शेपूट हलवत बाहेर आला. मला बरं वाटलं. मी थांबून त्याला यू यू केलं, आणि त्याने सरळ माझी पोटरी धरली. इंजेक्शनं घेताना मी आईला एकच विचारत होते, तो शेपूट हलवत होता ना, मग चावला काहून? आई म्हणाली, कुत्र्याची जातच तशी. हे काय उत्तर झालं? अर्धवट उत्तरांचा मला तेव्हाही राग यायचा, आताही येतो.

मग माझं मीच पाहायला लागले. मला कुत्र्यांचं प्रेम वगैरे काही नव्हतं. भीती होती. पण भीती वाटणाऱ्या माणसाइतकं निरखून कोणी पाहत नाही. बसची वाट पाहताना, दळण आणायला जाताना, जिथे कुत्रा दिसेल तिथे मी त्याचं शेपूट, कान, पाठीवरचे केस पाहत उभी राहायची. हळूहळू कळत गेलं. ताठ उभं शेपूट नुसत्या टोकाशी हलत असेल तर तिथून निघावं. कंबरेपासून अख्खं अंग हलत असेल तर तो खरा खुश. झोप आलेली नसताना जांभई देतो, समोर खायला काही नसताना जीभ ओठांवरून फिरवतो, तेव्हा तो आतून घाबरलेला असतो. आणि सगळ्यात खरे त्याचे पाय. तोंड कुठेही असो, पाय जिकडे वळलेले असतात तिकडे त्याला जायचं असतं.

हे असलं शिक्षण घेऊन मी लग्न करून मोहाडीच्या पुढे, तलावाकाठच्या गावात आले. बघायला गेलं तर सासर चांगलं होतं. धानाची शेती, मागे सांदवाडी म्हणजे भाजीपाल्याचं परस, आणि परसाच्या टोकाला बैलांचा कोठा. तुमच्याकडे गोठा म्हणतात तो आमच्याकडे कोठा. आणि त्या कोठ्याच्या दारात एक पिवळट कुत्रा बसलेला. मी उंबऱ्यावरचं माप ओलांडलं ते त्याच्याकडे पाहतच.

त्याला नाव नव्हतं. सासरे, म्हणजे मामाजी, त्याला 'लेका' म्हणायचे. बाकी कोणी काही म्हणत नसे, कारण तो बाकी कोणाचं ऐकतच नसे. घरात सगळ्यांशी तो शेजाऱ्यासारखा वागायचा, बरा, पण बेतास बात. मामाजी आले की मात्र निराळाच होऊन जायचा. त्यांच्याकडे तो कधी सरळ धावत गेला नाही. वाकडा होऊन, अर्धगोल घेत, कान मागे पाडून, डोळे बारीक करून जायचा. शेपूट खाली, पण गोल गोल फिरणारं. मामाजींचा उजवा पाय बैलाच्या लाथेने कायमचा अधू झाला होता, ते तो ओढत चालायचे. एक पाऊल, मग थांबा, मग दुसरं पाऊल. कुत्रा त्यांच्या डाव्या बाजूने तसाच चालायचा. एक पाऊल, थांबा, एक पाऊल. कोठ्यापासून न्हाणीपर्यंत ही वरात रोज संध्याकाळी यायची. न्हाणीजवळच्या दगडावर मामाजी पाय धुवायला बसले की तो आपली हनुवटी त्यांच्या पावलावर ठेवायचा, शिंकायचा, आणि डोळे मिटायचा. ही शिंक कोणत्या आनंदाची ते मला कधी समजलं नाही, पण मामाजींशिवाय दुसऱ्या कोणासाठी ती मी ऐकली नव्हती.

मामाजी बाहेरून आले की सासूबाई, म्हणजे मामी, बसल्या जागी डोक्यावरून पदर घ्यायच्या आणि चुलीवर ऊन पाणी ठेवायला उठायच्या. अख्खा जन्म संसार केला, तरी पदर घ्यायच्याच. मी चिडवायचे, "मामी, आता कोण पाहून राहिलं तुम्हाले?" त्या म्हणायच्या, "बुढा पाहते ना वो." मामाजींना त्या मागे बुढा म्हणायच्या आणि पुढे काहीच म्हणायच्या नाहीत.

धान निसवायला आलं होतं तेव्हा मामाजी गेले. सकाळी बांधीतलं, म्हणजे धानाच्या वाफ्यातलं, पाणी पाहून आले, ओसरीवरच्या खाटेवर पडले आणि उठले नाहीत. कुत्रा खाटेखाली होता. लोक जमले, रडारड झाली, नेलं. तो घाटापर्यंत मागे मागे गेला आणि सगळ्यांच्या आधी परत येऊन कोठ्याच्या दारात बसला.

तेरवीच्या संध्याकाळी मामींनी पळसाच्या पत्रावळीवर पान वाढलं. भात, वरण, कारल्याची भाजी, वडे. ते त्यांनी कोठ्यात नेऊन ठेवलं, कारण मामाजी जास्तीत जास्त वेळ तिथेच असायचे. सकाळी पान जसंच्या तसं. मुंग्या तेवढ्या लागल्या होत्या. मामी दिवसभर तोंड पाडून बसल्या. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, पुढे एकदा त्यांनी तलावातल्या मासोळ्यांचा रस्सा केला, कारलीही केली आणि पुन्हा पान नेलं. सकाळी पाहतात तर मासोळ्या साफ. काटेसुद्धा नाहीत. कारली तशीच बाजूला.

"पाह्य वो पोरी," त्या मला म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता, एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा. "कारल्याले हात नाई लावला. जित्तेपणी बी असाच करे."

मीही हसले. मांजर असेल, मला वाटलं. पण म्हातारीला बरं वाटतंय ना, मग मांजराचा बोभाटा कशाला करायचा?

मग रोजचंच झालं. दिवेलागणीला मामी डोक्यावरून पदर घेत, पान हातात घेत आणि सांदवाडीतून कोठ्याकडे जात. कधी मासोळी, कधी कोंबडीचा तुकडा, कधी नुसतं सुकट. थोडा वेळ आतच बसत. काहीतरी बोलल्याचा आवाज यायचा. धान कापलं, चुरलं, तणीस म्हणजे धानाचा पेंढा घरी आला आणि कोठ्याच्या माळ्यावर रचला, तरी हे चालूच. बैल तोवर विकून टाकले होते, नांगराचं काम ट्रॅक्टरच करतो आता. कोठ्यात कोणीच नव्हतं.

कुत्र्याने कोठ्याचं दार सोडलं ते याच सुमाराला.

माझी शिलाई मशीन मागच्या पडवीत आहे, उजेडासाठी. तिथून अख्खी सांदवाडी दिसते. ब्लाऊजला काज-बटन करता करता मी मान वर केली की समोर तो दिसायचा. आता तो पपईच्या झाडाखाली बसायला लागला होता, कोठ्यापासून लांब. बसायला म्हणजे काय, नीट बसायचाच नाही. मागचे पाय अर्धे वाकवून उभा, एक पुढचा पाय उचललेला, शेपूट पार पोटाखाली. कान डोक्याला चिकटलेले. नजर कोठ्यावर. डोळ्यांचं पांढरं दिसेल एवढी ताणलेली नजर. आणि भुंकणं नाही. मला त्या न भुंकण्याचीच धास्ती वाटायची. भर दुपारी, ऊन स्वच्छ पडलेलं, वारा नाही, आणि तो रिकाम्या कोठ्याकडे पाहत थरथरत उभा. मी मशीन थांबवायचे. मशीनचा आवाज बंद झाला की कळायचं किती शांत आहे. चिमण्यासुद्धा त्या बाजूला नसत.

एकदा मी उठून त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. कोठ्याचं अर्धं दार उघडं. आत काळोख, माळ्यावर तणसाचा ढीग, खाली मामाजींची खाट उभी करून ठेवलेली. काहीच नव्हतं. पण वास आला. चिन्नोर तांदूळ शिजत घातला की येतो तो वास. आमच्या बांधीतला सुवासिक चिन्नोर, मामाजींनी हट्टाने लावलेला. त्या दिवशी घरी भाकरी होती. अख्ख्या आळीत कोणाच्या घरी चिन्नोर शिजत नव्हता. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

मी मामींना सांगितलं ते फक्त खात्री करायला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मले तं रोज येते तो वास. बुढ्याचा वास आहे तो."

झालं. गोष्ट गावात पसरली. बाया दुपारच्या यायला लागल्या, सांदवाडीच्या कुंपणाशी उभ्या राहून कुत्र्याला पाहायच्या. "त्याले दिसते वो. मुक्या जनावराले दिसते," असं एकमेकींना सांगायच्या. एकीने तर मामींच्या हाती मामाजींना निरोप धाडला, तिकडे माझा गेलेला नवरा भेटला तर खुशाली सांगा म्हणून. मी कपाळावर हात मारून घेतला. माझा नवरा मोहाडीला नोकरीवर जातो, चार बुकं शिकलेला माणूस. त्याला म्हटलं, तुम्ही तरी आईला समजवा. तो मान खाली घालून म्हणाला, "राहू दे ना. तिले बरं वाटून राहिलं." आणि मग हळूच, "मले बी आला होता वास."

तेव्हा मी एकटीच पडले. कारण कुत्रा काय सांगतोय असं सगळे म्हणत होते, आणि कुत्रा काय सांगतोय ते कोणी पाहतच नव्हतं. हा कुत्रा मामाजींना पाहून कधी असा झाला होता? आत मामाजी असते तर हा वाकडा होऊन, शेपूट फिरवत गेला असता. याचे कान, याची पाठ, याचं शेपूट सगळं एकच म्हणत होतं. आणि पाय. तोंड कोठ्याकडे होतं, पण चारही पाय रस्त्याकडे वळलेले. त्याला पळायचं होतं. तो फक्त आम्ही इथे होतो म्हणून थांबला होता.

मी मामींना हे सगळं सांगितलं. चुलीपुढे बसून, हाताने कान-शेपटीच्या खुणा करून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जित्त्या माणसाची ओळख ठेवते कुत्रा. मेलेल्या माणसाले भितेच ना पोरी. मी काय नाई समजत?" मला चीड आली. मी म्हटलं, "मामी, तिथं मामाजी नाई. दुसरंच काही आहे. तुम्ही जाऊ नका." पहिल्यांदाच त्या माझ्यावर रागावल्या. "माझा माणूस आहे तो. तुले त्याच्या जेवणाचं काहून दुखून राहिलं?"

मला त्यांच्या जिवाची भीती वाटत होती, हे मी तोंडाने म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कशाची भीती तेही सांगावं लागलं असतं, आणि ते मलाच ठाऊक नव्हतं. दिवसा उजेडी मी म्हणायचे, नाग असेल. संध्याकाळ झाली की नागावर माझाच विश्वास बसत नसे. नाग काय मासोळ्या खातो? त्याच दिवसांत गावातली कुत्री कमी व्हायला लागली होती. देवळापाशी एक कुत्री व्यालेली होती, तिची पिल्लं दिसेनाशी झाली, मग तीही. लोक म्हणाले, धरून नेणारी गाडी आली असेल. कोणी गाडी पाहिली नव्हती.

थंडी वाढली. तलावावरून धुकं यायचं आणि संध्याकाळ लवकर व्हायची. त्या संध्याकाळी मामींनी कोंबडी केली होती, कारण त्या वारी मामाजींना कोंबडी लागायचीच. त्यांनी पदर घेतला, पान उचललं आणि निघाल्या. मी मशीनवर होते. मी कुत्र्याकडे पाहिलं आणि तो पपईखाली नव्हता.

तो कोठ्याच्या दारात उभा होता. वाट अडवून. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा एवढ्या जवळ. पाठीवरचे केस मानेपासून शेपटापर्यंत उभे. मामी जवळ गेल्या तसा तो गुरगुरला. मामी थांबल्या. हा त्यांच्यावर कधी गुरगुरला नव्हता. "हो तिकडे," त्या म्हणाल्या, "काय जळून राहिला बुढ्याच्या घासावर?" आणि पायाने त्याला बाजूला सारायला लागल्या.

मी शिवण तिथेच टाकून धावले. कारण मला ते दिसलं होतं जे मामींना दिसत नव्हतं. तो मामींवर गुरगुरत नव्हता. मामींकडे त्याची पाठ होती. कुत्रा ज्याला भितो त्याच्याकडे पाठ करत नाही. त्याचं तोंड आत होतं, दात आत होते, आणि आज त्याचे पायही आत होते. पळायचं सोडून दिलं होतं त्याने.

मी मामींचा दंड धरून मागे ओढलं. पान पडलं. कोंबडीचा रस्सा मातीत सांडला. मामी माझ्यावर ओरडणार तोच मी आत पाहिलं, माळ्यावर. तणसाच्या कडेवरून एक शेपूट खाली लोंबत होतं. जाड, लांब, ठिपक्यांचं. बाकी काही हलत नव्हतं. फक्त त्याचं टोक एकदा वळलं, मग सरळ झालं. पुन्हा वळलं.

शेपटाचं नुसतं टोक हलणं काय असतं ते माझ्या पोटरीला माहीत होतं. मी आवाज केला नाही. मामींना मागे ढकललं, कुत्र्याला मानेला धरून ओढलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्याला हात लावला तो हा. दार ओढून घेतलं आणि बाहेरून अडसर घातला. आतून तणीस खसखसल्याचा आवाज आला, बस. मग तोच वास, गरम चिन्नोरचा, दाराच्या फटीतून.

मामी मातीत बसल्या होत्या. त्यांनीही पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं पिंजरा, जाळी घेऊन आली. अख्खं गाव कवेलूवर, म्हणजे घरांच्या कौलांवर, चढून बसलं होतं. त्यांनी बिबट बेशुद्ध करून बाहेर काढला तेव्हा मी जवळून पाहिला. म्हातारा होता. त्याची कातडी सैल पडली होती, सुळे झिजून तुटलेले. शिकार जमत नसेल, म्हणून गावात आला, कुत्री खाल्ली, आणि इथे तर रोज संध्याकाळी आयतं पान. वासाचं मी विचारलं. वनरक्षक म्हणाला, "हद्दीची खूण करते ना ताई, त्याले असाच वास येते. आम्ही जंगलात त्यावरूनच ओळखतो, का इथं आहे म्हणून." एवढं साधं होतं ते. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो दुसरीकडे पाहत होता.

एवढे दिवस मामी रोज त्या माळ्याखाली बसून बोलत होत्या, आणि तो वरून ऐकत होता. त्यांच्या डोक्याच्या वर, हात उंचावला तर लागेल एवढ्यावर.

गावाने माझं कौतुक केलं. सुनेने सासूला वाचवलं, सूनबाईला कुत्र्याची भाषा येते, वगैरे. ज्या बाया कुंपणाशी उभ्या राहून हात जोडत होत्या त्याच आता म्हणाल्या, आम्हाले तं आधीच शंका होती. मी त्यांना चहा पाजला आणि मनात चार शिव्या दिल्या.

मामी मात्र गप्प झाल्या. माझ्यावर राग नव्हता. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पान ठेवणं बंद झालं. संध्याकाळ झाली की त्या सवयीने उठायच्या, पदर घ्यायला हात वर जायचा, आणि मग तसाच खाली यायचा. जेवण कमी झालं. एकदा भात चिवडत म्हणाल्या, "तो बी बुढाच होता वो." मी म्हटलं, कोण? त्या म्हणाल्या, "माळ्यावरचा." आणि थोड्या वेळाने, "तुझंच खरं होतं पोरी. तिथं कोणीच नव्हतं."

हे ऐकून मला रडू आलं. मला खरं ठरायचं होतं ते त्यांचा जीव वाचावा म्हणून. त्यांचा माणूस दुसऱ्यांदा नेण्यासाठी नव्हे.

कोठा आम्ही रिकामा केला. तणीस विकलं, माळा झाडला, जमीन शेणाने सारवली. कवेलू फुटले होते तिथून ऊन आत पडायचं, कोपरा न् कोपरा दिसायचा. कुत्रा पुन्हा दारात येऊन बसायला लागला. सैल, कुशीवर, पाय पसरून. मी त्याच्याकडे रोज पाहायची आणि रोज माझी खात्री व्हायची की आता सगळं ठीक आहे.

संक्रांत होऊन गेली होती. ऊन उतरणीला लागलं होतं, पण अंधार नव्हता. मी मशीनवर होते. मामी माझ्या बाजूला लाखोळीची भाजी निवडत बसल्या होत्या. नवरा यायचा होता. कोठ्याच्या दारात झोपलेला कुत्रा उठला.

आधी त्याने कान टवकारले, आत पाहून. माझा पाय मशीनवरच थांबला. पाठीवरचे केस पाहिले. सपाट. शेपूट पाहिलं. ते खाली गेलं, पण पोटाखाली नाही. ते फिरायला लागलं. गोल, गोल. मग कान मागे पडले, मऊ, डोळे बारीक झाले, आणि तो वाकडा होऊन, अर्धगोल घेत कोठ्यात गेला.

मी श्वास ओढून वास घेतला. शेणाचा वास होता, लाखोळीचा होता. चिन्नोरचा नव्हता.

तो बाहेर आला. दाराच्या डाव्या अंगाने. एक पाऊल टाकलं, थांबला. एक पाऊल टाकलं, थांबला. मान किंचित वर, उजवीकडे. तिथे कोणी नव्हतं. मी डोळे चोळून पाहिलं, तिथे ऊन होतं आणि पपईची सावली होती, बाकी काही नव्हतं. एक पाऊल, थांबा. तो सांदवाडी ओलांडून न्हाणीपर्यंत आला. दगडाशी बसला. त्याने हनुवटी खाली नेली, आणि ती जमिनीला टेकली नाही. जमिनीपासून थोडी वर थांबली. माणसाच्या पावलाच्या उंचीएवढी. तशीच राहिली. मग तो शिंकला आणि त्याने डोळे मिटले.

मामींच्या हातातली भाजी खाली पडली होती. त्या माझ्याकडे पाहत होत्या. कुत्र्याकडे नाही, माझ्याकडे.

"काय म्हणून राहिला तो?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक. "सांग ना वो. तुले समजते त्याचं."

मी पुन्हा सगळं पाहिलं, जेवढं मला येतं तेवढं. कान, डोळे, पाठ, शेपूट. शेवटी पाय. ते कुठेच जायला निघाले नव्हते. खोटं बोलून म्हातारीचं मन राखता आलं असतं, पण मला खोटं बोलावं लागलंच नाही.

"आले म्हणते," मी म्हटलं.

मामींनी डोक्यावरून पदर घेतला आणि त्या ऊन पाणी ठेवायला उठल्या.